कान कुठे?

माझ्या भावाबरोबर एक अख्खा हिवाळा न भांडता काढून दाखवणाऱ्या माणसाला मी माझी खुर्ची देईन. खुर्ची स्टोव्हजवळची आहे, तेव्हा हे काही लहानसहान बक्षीस नाही.

तो तळ्यावर कयाक शिकवतो. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद बोट. पाय लांब करून बसायचं आणि दोन्हीकडे पातं असलेल्या वल्ह्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मागे सारायचं. चारी बाजूंना बर्फाचे डोंगर, मधे काळंशार पाणी, आणि त्या पाण्यावर जन्मात बोटीत पाय न ठेवलेली पाच माणसं दोन तास फिरवून सुखरूप परत आणायची, हे त्याचं काम. उन्हाळ्यात ते कोणीही करतं. हिवाळ्यात करणारा आमच्या तळ्यावर तो एकटाच. एकतीस हिवाळे झाले. त्यातले चोवीस मी बघितलेत, काठावरच्या आमच्या शेडच्या दारातून. आलेल्यांच्या अंगावर पाण्यात घालायचे रबरी सूट चढवायचे, परत आल्यावर ते सोलून काढायचे, आतून पुसायचे, वाळत टाकायचे, मोज्यांच्या जोड्या लावायच्या. त्याला लोक मास्तर म्हणतात, मला ताई. आणि हा मला पाचपन्नास लोकांसमोर ‘चिमे’ अशी हाक मारतो. मी चोपन्न वर्षांची आहे. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

पूर्ण नाव म्हणाल तर कानमास्तर. ते का, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

हिवाळ्यात बोटीत बसताना कमरेला एक रबरी परकर घालावा लागतो. हसून घ्या. मोठमोठे मिशीवाले बाप्ये माझ्यासमोर परकर घालून उभे राहतात आणि आधी आरशात बघतात. या परकराची खालची कड ताणून बोटीच्या तोंडावर घट्ट बसवायची, म्हणजे पाणी आत येत नाही आणि पाय गारठत नाहीत. झकास सोय आहे. फक्त बोट उलटली तर माणूस डोकं खाली, पाय वर, आणि कंबर बोटीला जखडलेली. त्यासाठी परकराला समोर पट्टीची एक कडी असते. कपाला असतो तसा कान. तो ओढला की परकर फटकन सुटतो, माणूस बाहेर पडतो आणि अंगातलं तरंगतं जॅकेट त्याला वर आणतं. दहा सेकंदांचं काम. पण परकर बसवताना तो कान दुमडून आत राहिला, तर चाचपत बसा. आणि नवख्या माणसाच्या हातात हातमोजे असले की तो हटकून आत राहतो.

म्हणून दादाची पद्धत. निघण्याआधी सगळ्या बोटी धक्क्याला लावायच्या. हा एकेकापाशी वाकून दोन बोटांनी कान ओढून बघणार आणि मग म्हणणार, “डोळे मिटा. कान कुठे?” माणसाने न बघता चाचपून कान धरायचा आणि म्हणायचं, “बाहेर.” ‘आत’ म्हणाला तर परकर नीट करून परत तेच. आणि कोणी ‘बहुतेक बाहेर’ किंवा ‘माहीत नाही’ म्हणालं, तर दादाच्या तोंडून एकच शब्द निघायचा. “उतरा.” संपलं. त्या दिवशी तो माणूस पाण्यावर जाणार नाही. लग्नाच्या चौथ्या दिवशी आलेल्या नवऱ्याला याने उतरवलंय. एका न्यायाधीशांना उतरवलंय. ते म्हणाले, “अहो, बहुतेक म्हणजे जवळजवळ नक्कीच.” दादा म्हणाला, “तुमच्या कोर्टात चालत असेल.” नंतर त्यांना चहा देऊन त्यांची समजूत मी काढली. ती सगळी खाती माझ्याकडे.

डोळे का मिटायचे, तर त्या पाण्याखाली डोळ्यांचा काही उपयोग नसतो. हे त्याला पुस्तकातून कळलेलं नाही. पंचविशीत असताना एकदा तो एकटाच गेला होता, बोट उलटली आणि कान आत होता. शेवटी गुडघ्याने परकराची कड कुठूनशी उचकटली म्हणून वाचला. घरी आला तेव्हा ओठ जांभळे होते. आईला सांगितलं, पाय घसरून पडलो. खरं फक्त मला सांगितलं आणि वर धमकी दिली, कोणाला बोललीस तर बघ. पुढे मी शेडमध्ये आले तेव्हा पहिलं काम काय केलं, तर प्रत्येक कानाला लिंबाएवढा एक लाकडी लाल मणी शिवून टाकला. हातमोज्यातल्या बोटांनाही लागावा म्हणून. तो मणी धक्क्यावरूनसुद्धा दिसतो. माझ्या त्या मण्यांचं कौतुक या माणसाने चोवीस वर्षांत एकदाही केलेलं नाही, हेही जाता जाता लिहून ठेवते.

आता त्याच्या बोटांचं.

सुरुवात शर्टाच्या बटणांपासून झाली, दोन वर्षांपूर्वी. वरचं बटण उघडं दिसायला लागलं. मला वाटलं, म्हातारपणी छाती दाखवायची हौस आलीय. मग चमचे पडायला लागले. मग एकदा दुपारी शेडमध्ये आम्ही दोघं बसलो होतो आणि मला कसलासा वास आला. तोही नाक वर करून म्हणाला, “चिमे, काय जळतंय गं?” मी बघते तर याचा डावा हात स्टोव्हच्या झाकणावर टेकलेला. मी किंचाळून त्याचा हात ओढला. तीन बोटांना फोड आले आणि हा त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाची बोटं बघावीत तसा बघत बसला.

डॉक्टरकडे न्यायला मला पाच आठवडे लागले. पाच! आज वारा नाही, उद्या मोठा ग्रुप आहे, परवा बोटीला भोक पडलंय. शेवटी मी त्याचे बूट लपवले आणि डॉक्टरकडे येणार असशील तरच देईन म्हटलं.

डॉक्टरांनी सांगितलं, “डोळे मिटा. मी टाचणी लावतो. टोचलं की सांगा.” दादा पटापट सांगत होता. टोचलं. टोचलं. आता अंगठा. आता करंगळी. डॉक्टर खूश, मी खूश. मग माझं लक्ष गेलं. हा गडी एक डोळा किलकिला ठेवून बघत होता! साठीचा माणूस! परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या पोरांसारखा! मी म्हटलं, “डॉक्टर, याच्या तोंडावर टॉवेल टाका.” टॉवेल टाकला आणि मास्तरांचं पितळ उघडं पडलं. डॉक्टर उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टाचणी टोचत होते आणि हा सांगत होता, “अंगठा.” दोनदा तर टाचणी लागलेलीच नव्हती, तरी म्हणाला टोचलं. डॉक्टर म्हणाले, “अंदाज मारू नका हो.”

बोटांच्या नसा गेल्या, असं त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं थंड पाण्यात हात. उन्हाळ्यात थोडं थोडं कळेल, थंडीत मुळीच नाही. गेलेलं परत यायचं नाही, आहे ते जपा. जपा म्हणजे काय, तर पाण्यावर जाऊ नका. दादाने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर आल्यावर म्हणाला, “पोरगेला डॉक्टर आहे.” डॉक्टरांना नातवंडं आहेत.

मी त्यावर काय केलं? कानाडोळा. दुसरा शब्द नाही. ओरडले, आदळआपट केली, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या सूटच्या चेनला मेण लावून दिलं. कारण तो घरी बसला की काय होतं ते मी एका पावसाळ्यात बघितलंय. पाय मोडला होता तेव्हा. दारात ठेवलेल्या गाठोड्यासारखा बसून असायचा, जाता येता आपण अडखळायचं. पाण्यावर असला की हाच माणूस काय दिसतो! पाच घाबरलेली माणसं घेऊन जातो आणि परत येताना ती पाचही जण लाल नाकांनी हसत असतात. ते बघायला मी चोवीस वर्षं दारात उभी राहते. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

पण या हिवाळ्यात मला एक गोष्ट दिसली. दादा कान ओढून बघेनासा झाला होता. धक्क्यावर वाकायचा, विचारायचा, “डोळे मिटा. कान कुठे?” माणूस म्हणायचा, “बाहेर.” हा मान डोलवून पुढे. दोन बोटांनी ओढणं बंद. मी विचारलं तर म्हणतो, “तोंडाने बोललं की माणसाच्या लक्षात राहतं.”

“आणि खोटं बोललं तर?”

“खोटं कशाला बोलतील?”

“तू डॉक्टरांकडे काय बोलत होतास?”

यावर साहेब बाहेर निघून गेले, बोटींतलं पाणी उपसायला. बोटी कोरड्या होत्या.

लोक खोटं बोलत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण पहिले चार जण ‘बाहेर’ म्हणाले की पाचवा चाचपायच्या आधीच ‘बाहेर’ म्हणतो. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणावं तसं.

मग तो सकाळचा ग्रुप आला. त्यात एक फोटोवाल्या बाई होत्या. नवऱ्याने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना कयाकवर आणलं होतं आणि तो बिचारा स्वतः धक्क्यावर थंडीने कुडकुडत होता. बाई भारी उत्साही. सूट चढवताना मला विचारलं, “ताई, यात मी जाड दिसते का हो?” मी म्हटलं, “दिसता. सगळेच दिसतात.” कानातलं काढून घेतलं, केस मानेच्या रबरातून बाहेर काढून दिले, बोटीत बसवून परकर मी स्वतः लावला. कान बाहेर, मणी समोर. फोन मात्र काढून घेतला. शेडमध्ये ठेवते म्हटलं, तर म्हणाल्या, नवऱ्याकडे द्या. मी दिला आणि हातमोजे आणायला आत गेले. माझी चूक असेल तर ही.

मी वळल्याबरोबर बाईंनी नवऱ्याकडून फोन मागून घेतला, परकर पुढून सोडला, फोन मांडीवर ठेवला आणि परकर आपल्या हातांनी परत बसवला. हे मला नंतर कळलं. दादा तेव्हा पलीकडच्या बोटीपाशी होता. मग तो यांच्याकडे आला. डोळे मिटा, कान कुठे? बाईंनी डोळे मिटले, जॅकेटचा पुढचा पट्टा घट्ट धरला आणि ठणकावून सांगितलं, “बाहेर!” मुठीत मणी असणार असं धरून दादा पुढे गेला.

मी हातमोजे घेऊन येईपर्यंत सहाही बोटी निघाल्या होत्या. बाई बोडक्या हातांनीच वल्हवत होत्या. मी कपाळावर हात मारला आणि सवयीने मणी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. परत मोजले. दादाचा धरून पाच. सहावा, बाईंचा, नाही.

त्या वेळी मला काय वाटलं, सांगू? भीती नंतर वाटली. आधी राग आला. असा राग की डोळ्यांपुढे काही दिसेना. बोटी तळ्यातल्या खडकाच्या पुढे गेल्या होत्या, तिथे वारा आडवा येतो आणि नवख्यांच्या बोटी हेलकावे खातात. मी गळ्यातली शिट्टी घेतली आणि तीन लांब फुंकल्या. सगळ्यांनी परत या, असा त्याचा अर्थ. दादाने वळून बघितलं आणि वल्हं हलवून ‘काय आहे?’ असं विचारलं. मी परत तीन फुंकल्या. तो हलेना. मग श्वास संपेपर्यंत फुंकत राहिले.

आला. आधी त्याचा आवाज आला. “काय पेटलंय काय, चिमे? लोक घाबरले!” लोक खरोखर घाबरले होते, पण त्याच्या ओरडण्याला. मी धक्क्यावर गुडघे टेकले, बाईंची बोट धरली आणि परकराच्या कडेत नखं घालून ती उचकटायला लागले. वरून, उजेडात, दोन्ही हातांनी, जमिनीवर गुडघे टेकून. तरी निघेना. दोन नखं तुटली. शेवटी सुटला, आणि आत बाईंच्या मांडीवर, फोनच्या शेजारी, लाल मणी.

“अगं बाई, हा इथे होता होय?” बाई हसायलाच लागल्या. “मग मी काय धरलं होतं?”

नवरा पण हसला. दादा हसला नाही. तो त्या मण्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा आईला पाय घसरला म्हणून सांगताना होता तसा झाला होता. मग म्हणाला, “आजची फेरी बंद.” एकतीस हिवाळ्यांत पहिल्यांदा. लोक कुरकुरले, बाईंनी पन्नासदा माफी मागितली आणि तेवढ्यात एक फोटोही काढून घेतला.

घरी आल्यावर मी भाजी चिरत होते आणि तो टेबलाशी बसून हातमोजे काढायचा प्रयत्न करत होता. दातांनी काढतो हल्ली. मी म्हटलं, “सोमवारी परीक्षा आहे. देऊ नकोस.”

हिवाळ्यातून एकदा तळ्याच्या ऑफिसातून कोणीतरी येतं आणि गाईडची परीक्षा घेतं. यंदा एक बाई येणार होत्या. गाईडने स्वतः बोट उलटी करायची, पाण्याखाली कान ओढून बाहेर यायचं आणि मग एका बुडत्याला वर काढून दाखवायचं. पास झाला तर अजून एक वर्ष लोकांना नेता येतं. नाहीतर कायमचं काठावर.

“चूक त्या बाईंची होती,” तो म्हणाला.

“बाईंची नाही. तुझ्या बोटांची. तू ओढून बघितलं असतंस तर मणी नाही हे कळलं असतं.”

“एकदा झालं.”

“दादा, ती बोट उलटली असती तर?”

“नाही उलटली ना?”

“आणि सोमवारी तू उलटशील तेव्हा? तुला तुझा तरी कान सापडणार आहे का त्या पाण्यात?”

यावर त्याने हातमोजा टेबलावर आपटला. “मग काय करू मी? सांग ना! तुझ्या शेडमध्ये बसून बायकांच्या मोज्यांच्या जोड्या लावू?”

मी विळी आडवी करून ठेवली. चोवीस वर्षं मी तेच केलं होतं. त्याचेही मोजे त्यात होते. त्याला कळलं, आपण काय बोललो ते. पण माफी मागेल तर तो माझा भाऊ कसला. मी म्हटलं, “मी परीक्षेच्या बाईंना सांगणार आहे.”

“सांग.”

“सांगतेच.”

“सांग म्हटलं ना!”

आणि मी सांगितलं नाही. फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. माझी मलाच चीड येत होती. का म्हणून मी सांगायचं? बोटं त्याची, पाणी त्याचं, लोकांना उतरवायची ऐट त्याची, आणि त्याच्या पाठीत सुरी खुपसायचं काम तेवढं माझं?

सोमवारी कडकडीत ऊन होतं आणि धक्क्यालगत पाण्यावर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा आला होता. मी तो बांबूने फोडला. परीक्षेच्या बाई आल्या. त्या बाई म्हणजे आमचीच जुनी विद्यार्थिनी. चौदा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा ‘बहुतेक’ म्हणाली होती, आणि दादाने उतरवलं म्हणून माझ्या शेडमध्ये बसून ढसाढसा रडली होती. दुसऱ्या दिवशी परत आली. आता तिच्या हातात कागद आणि शिक्का, पण दादाला बघितल्यावर आधी वाकून नमस्कार केला.

“मास्तर, तुमची परीक्षा मी घ्यायची म्हणजे कठीणच आहे,” ती म्हणाली.

“मग घेऊ नकोस,” दादा म्हणाला. ती हसली. मला हसू आलं नाही.

दादा बोटीत बसला. त्याचा परकर मी लावला. दोन वर्षं मीच लावते, कंबर वाकत नाही असं सांगून तो लावून घेतो. कान बाहेर ठेवला, मणी अगदी समोर. बोटीचा दोर माझ्या हातात होता. त्याने हातमोजे चढवले. एकदा माझ्याकडे बघितलं. मी तळ्याकडे बघितलं.

परीक्षेच्या बाई आपल्या बोटीत बसल्या, कागदावर एकेक खूण करत गेल्या. सूट, जॅकेट, शिट्टी. मग म्हणाल्या, “कान... मास्तर, तुमचा कान मी काय तपासणार? तुम्हीच शिकवलंत. चला, थेट पाण्यावर जाऊ.”

“चला,” दादा म्हणाला. चटकन म्हणाला. वल्हं धक्क्याला लावून त्याने रेटा दिला.

मी दोर सोडला नाही. बोटीला हिसका बसला.

“सोड ना, चिमे.”

“कान विचारायचा राहिला,” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला.

“ताई, राहू द्या हो,” बाई म्हणाल्या.

“विचारायचा राहिला म्हटलं ना. याने न्यायाधीशाला सोडलं नाही, तुम्हाला सोडलं नाही.” मी खाली बसले आणि बोटीची कड धरली. दादा माझ्याकडे असं बघत होता की दुसरी कोणी असती तर पळून गेली असती. मी लहानपणापासून ते डोळे बघत आलेय. “डोळे मिट,” मी म्हटलं. “कान कुठे?”

मग त्याने डोळे मिटले.

मी अगदी जवळ होते. किलकिला ठेवलाय का, ते बघत होते. खरं सांगते, मला वाटत होतं, ठेव रे. एक डोळा जरासा उघड, बघ, धर, म्हण बाहेर. मीही दोर सोडते. पण त्याने डोळे असे गच्च मिटले होते की कपाळाला आठ्या पडल्या होत्या. त्याचा उजवा हात परकरावरून फिरायला लागला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, कडेवरून पुढे सरकला. आणि थांबला. तीन बोटं बरोब्बर मण्यावर. लाल मणी त्याच्या बोटांमधून मला दिसत होता. परीक्षेच्या बाईंनाही दिसत होता, त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि कागदावर खूण करायला पेन टेकवलं.

दादाचा हात मण्यावरून पुढे गेला. परत आला. परत मण्यावर थांबला. परत पुढे गेला.

मी दात दाबून धरले होते. म्हण ना, बाहेर म्हण. सगळे म्हणतात. न चाचपता म्हणतात.

“माहीत नाही,” दादा म्हणाला.

परीक्षेच्या बाई कागदावर पेन तसंच ठेवून थांबल्या. “मास्तर, अहो, तुमचा हात...” मी त्यांच्याकडे बघून मान हलवली.

“माहीत नाही म्हणाला की काय करायचं असतं?” दादाने विचारलं. डोळे अजून मिटलेलेच होते. आणि स्वतःच म्हणाला, “उतरा.”

मी मणी धरून ओढला, परकर फटकन सुटला. वल्हं काढून धक्क्यावर ठेवलं. मला इतका राग आला होता की सांगता येत नाही. त्याचा, माझा, त्या पाण्याचा, सगळ्यांचा. त्याने नवखी माणसं करतात तसे दोन्ही हात वर केले, उठवून घ्यायला. मी त्याचे हातमोजे ओढून काढले आणि त्याची सगळी बोटं माझ्या दोन्ही मुठींत धरून करकचून आवळली. दुखावीत म्हणूनच आवळली. मोज्यांच्या जोड्यांबद्दल, शिट्टीबद्दल, चोवीस वर्षांच्या चिमेबद्दल.

तो डोळे मिटून वाट बघत होता.

“चिमे,” तो म्हणाला, “देतेस ना हात?”

मी अजून आवळली.

“अगं, दे ना. किती वेळ?”